हजेरीला कोण?

आमच्या गावच्या यात्रेचं पत्रक दर वर्षी फाल्गुन संपता संपता हातात पडतं. गुलाबी नाहीतर पिवळा कागद, वर ग्रामदैवताचं चित्र, त्याखाली यात्रा कमिटीतल्या मंडळींची नावं. ही नावं कार्यक्रमापेक्षा जास्त जागा खातात. कारण एखादं जरी गळलं तरी पुढचं वर्षभर चहाच्या टपरीवर ते ऐकून घ्यावं लागतं. मग कार्यक्रम. पहाटे अभिषेक, सकाळी मांडव-डहाळे, दुपारी बैलगाडे, संध्याकाळी पालखी आणि शेरणी, रात्री अमुक अमुक यांचा लोकनाट्य तमाशा. आणि सगळ्यात खाली, दुसऱ्या दिवसाच्या रकान्यात एक बारीक ओळ असायची : सकाळी नऊ वाजता तमाशाच्या हजेऱ्या, दुपारी कुस्त्यांचा आखाडा.

गेल्या चैत्रातल्या पत्रकात कुस्त्या होत्या, हजेऱ्या नव्हत्या. मला वाटलं, छापणाऱ्याकडून राहिलं. कमिटीतल्या एका पोराला विचारलं. पोरगा चांगला, शिकलेला, मंचरच्या बाजारात टोमॅटोचा भाव फोनवर बघून गाडी भरणारा. तो म्हणाला, ‘‘सर, राहिलं न्हाई. काढलंय. हजेरीला येतं कोण आता?’’

त्या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. आता देतो आहे.

ज्यांना हजेरी म्हणजे शाळेतला हजेरीपट एवढंच ठाऊक आहे त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, शेजारचे संगमनेर-पारनेर या पट्ट्यात यात्रेच्या रात्री तमाशा होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फडातली मंडळी देवळापुढं येऊन गातात. देवापुढं हजेरी लावायची म्हणून हजेरी. रात्रीचे दिवे नाहीत, पडदे नाहीत, झगमगीत कपडेही फारसे नाहीत. ढोलकी, हलगी, तुणतुणं, झांज, पेटी आणि दोन-चार गळे. गण होतो, गवळण होते, दोन फड असले तर सवाल-जवाब रंगतात. ऊन चढलं की आटोपतं. बिदागी घेऊन मंडळी ट्रकमध्ये बसतात आणि पुढच्या गावाला जातात, कारण रात्री तिथं यात्रा असते.

मी आंबेगाव तालुक्यातला. ज्या आंबेगावच्या नावानं तालुका ओळखला जातो ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे आणि तालुक्याची कचेरी घोडेगावला. त्यामुळं ‘आंबेगावात कुठं?’ असं कुणी विचारलं की आम्ही ‘मंचरच्या जरा पुढं’ असं मोघम सांगून सुटतो. माझं लहानपण सत्तरच्या दशकातलं. गावात रेडिओ दोन. एक ग्रामपंचायतीत, एक वाण्याच्या दुकानात. ग्रामपंचायतीतल्या रेडिओवर बातम्या आणि शेतीचा कार्यक्रम सोडून काही लावलं की सरपंच डोळे वटारायचे. वाण्याच्या दुकानात विविध भारती असायची. पण दुकानापुढं रेंगाळलं की ‘काय पाहिजे?’ असा प्रश्न यायचा आणि आपल्याजवळ पाच पैसेही नसायचे.

मग नवं गाणं आमच्यापर्यंत यायचं कसं? यात्रेत यायचं. वर्षभर मुंबईत, पुण्यात लोकांच्या ओठावर फिरलेली गाणी चैत्रात एका रात्रीत गावात उतरायची. एक तर फडानं ती बसवलेली असायची. दुसरं म्हणजे फर्माईश करणारे मुंबईहून आलेले असायचे. मुंबईचे डबेवाले बहुतेक आमच्या या मावळपट्टीतले : खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ, मुळशी. गावच्या यात्रांसाठी ते चैत्रात चार-सहा दिवस काम बंद ठेवून येतात. मुंबईकरांना यात्रेचा पत्ता लागतो तो त्या आठवड्यात डबा येत नाही म्हणून. तर ही मंडळी पुढच्या रांगेत बसून, मुंबईत चहाच्या हॉटेलात ऐकलेल्या गाण्याची फर्माईश करायची. नोट हातात धरून उभं राहायचं, नाव पुकारून घ्यायचं आणि गाणं सुरू झालं की ‘बघा, आम्हाला आधीच ठाऊक होतं’ अशा चेहऱ्यानं मागं वळून पाहायचं. आम्ही पोरं धुळीत बसून आ वासून ऐकायचो. सिनेमा पुढं कधीतरी मंचरला लागला की बघायला मिळायचा. तोवर आमच्या लेखी ते गाणं त्या बाईचंच असे. पुढं पडद्यावर दुसरीच कुणी ते म्हणताना दिसली की फसवल्यासारखं वाटायचं.

हे सगळं मी समोर बसून ऐकत होतो. आई मात्र समोर नव्हती. बाईमाणसानं तमाशाला जायचं नाही, हा लेखी नसलेला कायदा होता. आळीतल्या आठ-दहा बायका आमच्या माडीच्या खिडकीशी अंधारात बसायच्या. खिडकीतून दिसायचा तो फक्त तंबूचा शेंडा आणि बत्त्यांचा उजेड. ऐकू मात्र सगळं यायचं. दुसऱ्या दिवशी मी अंगणात ते नवं गाणं म्हणत हिंडायला लागलो की आई चुलीपुढून ओरडायची, ‘‘तसं न्हाई ते.’’ आणि बरोबर म्हणून दाखवायची. एकदा ऐकून तिला अख्खं गाणं यायचं, वरची पट्टी, खालची पट्टी, ढोलकी थांबायची जागा सुद्धा. आम्ही समोर बसून नाचणारीचे पाय बघत होतो, ती गाणं ऐकत होती. मात्र गाणारीचा चेहरा तिनं कधी पाहिलेला नव्हता.

तो तिनं पाहिला हजेरीला. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेन. सकाळची वेळ, देवाचं दार, त्यामुळं बायकांना यायला आडकाठी नव्हती. देवळाच्या बाजूच्या कट्ट्याला टेकून, पदर डोक्यावरून घेऊन त्या बसायच्या. रात्रभर गायलेली बाई समोर उभी राहिली. साधं नऊवारी लुगडं, डोळे तांबारलेले, आवाज बसलेला. तिनं पेटीवाल्याला खूण करून सूर खाली घ्यायला लावला आणि गवळण म्हटली. बसलेल्या आवाजात ती इतकी निराळी लागली की रात्री आरडाओरड करणारे तिथंच गप्प उभे होते. आई घरी येताना म्हणाली, ‘‘पोर लहान हाय की रं तिची. ट्रकात निजली व्हती.’’ गाण्याबद्दल त्या दिवशी ती काहीच बोलली नाही.

तमाशाचा विषय निघाला की नारायणगावचा निघतोच. पुणे-नाशिक रस्त्यावरचं हे जुन्नर तालुक्यातलं गाव तमाशाची पंढरी म्हणून ओळखलं जातं. गुढीपाडव्याच्या आगेमागे तिथं फडांच्या राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीवर फडाच्या नावाचा मोठा फलक, आत टेबल, वही, तारखांचा तक्ता आणि फडाचा व्यवस्थापक. गावोगावचे पंच येतात, राहुट्या फिरतात, घासाघीस होते आणि सुपारी ठरते. चैत्र पौर्णिमा, कालाष्टमी अशा तिथ्यांना बऱ्याच गावांच्या यात्रा एकदम येतात, त्यामुळं त्या रात्रींचा भाव चढा. दसऱ्याला फड बाहेर पडतात ते थेट वैशाखापर्यंत. आधी तंबू ठोकून तिकिटावर, मग चैत्रापासून यात्रांच्या सुपाऱ्यांवर. फडमालक कलावंतांना हंगामाआधी उचल देतो. ती फेडायला यात्रांचे हे महिना-दीड महिनाच खरे कामाचे. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी करोनामुळं यात्रा भरल्या नाहीत, तेव्हा ही उचल कुणी कशी फेडली असेल याचा विचार आम्ही प्रेक्षकांनी फारसा केला नाही.

लिखापढीला म्हणून एका पाडव्याला कमिटीबरोबर मीही नारायणगावला गेलो होतो. मला वाटलं होतं, पंच विचारतील वग कोणता, सोंगाड्या कोण. एका म्हाताऱ्या पंचांनी विचारलंही. पण बाकीच्यांचा पहिला प्रश्न होता, ‘‘नवी गाणी कुठली बसवलीत?’’ व्यवस्थापकानं वहीतून एका दमात यादी वाचून दाखवली. त्यात निम्मी हिंदी सिनेमातली होती. परतीच्या जीपमध्ये म्हातारे पंच पुटपुटत होते, ‘‘तमाशा गेला. ऑर्केस्ट्रा झाला.’’

हे वाक्य मी गेली चाळीस वर्षं ऐकतो आहे. शहरातल्या परिसंवादात ते जरा भारदस्त शब्दांत म्हणतात एवढंच. सिनेमातल्या गाण्यांनी तमाशा बाटवला, जुनी लावणी मागं पडली, ढोलकीच्या शेजारी ऑर्गन आणि ऑक्टोपॅड येऊन बसले. मला हे पटत नाही. बोर्डावर (फडातली माणसं रंगमंचाला बोर्डच म्हणतात) नवं ते येणारच. पट्ठे बापूरावांच्या गवळणी आणि लावण्या आज आपण ठेवा म्हणून जपतो. पण त्या ज्या रात्री पहिल्यांदा म्हटल्या गेल्या त्या रात्री त्या नव्याच होत्या. तमाशाचा शाहीर काही वहीत गाणी साठवून ठेवण्यासाठी रचत नव्हता. समोरच्या माणसाला आज काय रुचेल ते तो रचत होता.

शिवाय सिनेमानं तमाशाकडून काय काय नेलं याचा हिशेब कुणी मांडतं का? १९५९ साली अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला. वसंत पवारांचं संगीत होतं. पुण्याच्या विजयानंद टॉकीजमध्ये तो १३१ आठवडे चालला. त्यातली ढोलकी कुठून आली? १९७२ च्या ‘पिंजरा’त राम कदमांनी जे संगीत दिलं ते कुणाच्या जिवावर उभं आहे? बोर्डावरून पडद्यावर गेलं ते पुन्हा पडद्यावरून बोर्डावर आलं, तर त्यात बाटलं काय? गेलेली लेक माहेरी आली म्हणायचं आणि पाट मांडायचा.

यातलं अलीकडचं उदाहरण तर अगदी आमच्या दारातलं आहे. अजय आणि अतुल गोगावले यांचे वडील महसूल खात्यात नोकरीला होते. बदलीच्या गावांमुळं या भावांचं बालपण राजगुरुनगर, घोडेगाव, जुन्नर, शिरूर अशा गावांत गेलं. या गावांत वाढणाऱ्या पोराच्या कानावर काय पडतं ते मला माहीत आहे, कारण माझ्याही कानावर तेच पडलं : यात्रेतली हलगी, लग्नातला बँड, खंडोबाच्या जागरणात वाघ्या-मुरळीची दिमडी, सप्त्यातला पखवाज. १ जानेवारी २०१० ला ‘नटरंग’ प्रदर्शित झाला. आनंद यादवांच्या कादंबरीवरचा, तमाशाच्याच माणसांची गोष्ट सांगणारा. गुरू ठाकूरांचे शब्द, या भावांचं संगीत, बेला शेंडे यांनी गायलेल्या लावण्या. त्या चैत्रात आमच्या बोर्डावर त्या लावण्या झाल्या तेव्हा माझ्या मागं बसलेला एक शहरी पाहुणा म्हणाला, ‘‘सिनेमाची कॉपी करतात हो.’’ मी त्याला काही बोललो नाही. समोरचा ढोलकीवाला मात्र ज्या तऱ्हेनं हसत हसत वाजवत होता त्यावरून वाटलं, आपलीच उधारी वसूल झाल्यासारखं त्याला वाटत असावं.

पुढं २०१६ साली ‘सैराट’ आला. त्याच्या संगीताचा काही भाग अमेरिकेत मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतला होता, आणि त्या चित्रपटाचं ‘झिंगाट’ पुढल्या प्रत्येक यात्रेत वाजलं. मी ते लग्नात डीजेवर शंभर वेळा ऐकलं, म्हणजे ऐकावं लागलं. एका यात्रेत मात्र वीज गेली, जनरेटर लवकर सुरू होईना, ऑर्गन मुका झाला. पब्लिक ओरडायला लागलं. तेव्हा हलगीवाल्यानं हलगी शेकून आणली. कातडं तापलं की ताणलं जातं आणि आवाज खणखणीत होतो, म्हणून जाळावर धरतात. मग त्यानं नुसत्या हलगीवर तेच गाणं उचललं, ढोलकी मागून आली, झीलकऱ्यांनी वरचा सूर धरला. पाच-सात मिनिटांचा प्रकार असेल. त्या गाण्याच्या पोटात हलगी आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. घरी डीजेवर ऐकून हे उभ्या जन्मात कळलं नसतं. गाणं नवं होतं, पण ते खरोखर कुठून आलं ते समजायला वीज जावी लागली.

म्हणून नव्या गाण्यांशी माझं भांडण नाही. आणि खरं सांगायचं तर जुन्या तमाशाच्या आठवणी काढून उसासे टाकणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांनी जुना तमाशाही पुरता पाहिलेला नाही. वग सुरू झाला की तेही उठून जायचे.

माझं भांडण आहे ते ऐकणाऱ्याशी. आता पुढच्या रांगेत हात वर असतात आणि हातात मोबाईल असतात. गाणं ऐकलं जात नाही, भरून नेलं जातं. गण-गवळण उरकायची, रंगबाजी लांबवायची, वग कापायचा असा आग्रह कमिट्याच धरतात. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक लावायचे नाहीत हा नियम २००० सालापासून आहे. काही ठरावीक दिवस बारापर्यंतची सवलत मिळते. नियम चुकीचा नाही. गावात आजारी माणसं असतात, परीक्षेची पोरं असतात. पण पहाटेपर्यंत चालणारा खेळ दोन-तीन तासांत बसवायचा म्हटलं की कात्री लागणार ती गोष्टीला, गाण्याला नाही. त्यात आता नुसते नाचाचे कार्यक्रम निघालेत. गाणं मागं यंत्रावर लागलेलं असतं, पुढं पाय हलतात. काही ठिकाणी तर फडातही गाणारीच्या हातातला माईक बंद असतो. मी एका यात्रेत डोळ्यांनी पाहिलं : माईक खाली पडला तरी गाणं चालूच राहिलं. लोक हसले आणि पुन्हा शिट्ट्या मारायला लागले. मला त्या पोरीची लाज वाटली नाही, आमची वाटली. तिला ठाऊक झालं होतं की गायलं काय अन् नाही काय, समोर फरक पडत नाही.

आता हजेरीकडं येतो. हजेरीला यंत्र लावता येत नाही. देवळापुढं दिवसाउजेडी चार वाद्यांवर उभं राहिलं की गळा आहे की नाही ते लगेच कळतं. फडात नवी आलेली पोरगी खरोखर कोणत्या ताकदीची आहे ते मला नेहमी हजेरीला कळलं, रात्री नाही. रात्री ती सातवी-आठवी नाचणारी असते. हजेरीला, मोठ्या बाई दमलेल्या असल्या की, सरदार तिला पुढं करतो. मी अशा तीन-चार पोरी लक्षात ठेवल्या आणि पुढं चार-पाच वर्षांनी त्यांचीच नावं मोठ्या अक्षरांत फलकावर पाहिली. नवं गाणं, नवा गळा, एखाद्या शाहिरानं आदल्या आठवड्यात रचलेली गवळण, हे कच्चं असताना ऐकायची जागा ती आहे. पुण्या-मुंबईत लोक म्हणे छोट्या मैफिली शोधत हिंडतात, तिथं पन्नास माणसांत बसून उद्याचा गायक आज ऐकतात. आमच्याकडं ती मैफल देवळाच्या दारात फुकट होते. बिदागी देऊन बोलावलेली माणसं सकाळी उठून गायला तयार असतात, आणि आम्ही पत्रकातून ओळ काढतो.

ज्या बैलगाड्यांसाठी आमचे हे तालुके इतकी वर्षं झगडले तेच हे तालुके. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या, तेव्हापासून मोर्चे झाले, निवेदनं झाली, पुढाऱ्यांना घाटात आणून भाषणं करायला लावली. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये न्यायालयानं राज्याचा कायदा मान्य केला आणि गावोगाव गुलाल उधळला. ती आमची संस्कृती म्हणून आम्ही ती सोडली नाही. चांगलं झालं. पण हजेरी बंद करायला कुठलंही न्यायालय लागलं नाही. आम्हीच एका बैठकीत, चहा येईपर्यंत, ती बंद करून टाकली. एकानंही अर्ज केला नाही.

याचं कारण मला माहीत आहे, आणि ते गोड नाही. बैल आमचे आहेत. कलावंत आमचे नाहीत असं आम्ही मानतो. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचं नाव घेतलं की आमची छाती फुगते. त्यांना राष्ट्रपतींच्या हातून सन्मान मिळाला, त्यांच्या नावानं राज्य सरकार २००६ पासून जीवनगौरव पुरस्कार देतं. बोर्डावर असताना कळा सुरू झाल्या, पडद्यामागं जाऊन बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही गोष्ट आम्ही पाहुण्यांना अभिमानानं सांगतो. मला ती गोष्ट आता अभिमानानं सांगवत नाही. त्या रात्री समोर बसलेल्या लोकांना उठून घरी जाता आलं नसतं का? २००२ च्या जानेवारीत त्या गेल्या. शेवटच्या आजारपणात दवाखान्याच्या खर्चालाही लोकांकडून मदत घ्यावी लागली. नावातलं ‘मांग’ त्यांनी शेवटपर्यंत फलकावर मोठ्या अक्षरांत ठेवलं. आणि ज्या गावांनी त्यांच्यावर नोटा उधळल्या त्याच गावांत त्यांच्या जातीच्या माणसाला विहिरीवर पाणी भरायला मज्जाव होता, हे आम्ही पाहुण्यांना सांगत नाही. हजेरीला ही मंडळी देवळाच्या दारात उभी राहून गायची, आत नाही, यातही पूर्वी बराच अर्थ होता. तरी निदान त्या सकाळी गाव त्यांच्याकडं माणूस म्हणून बघत होतं. कुणी चहा आणायचं, कुणी पोराला दूध द्यायचं. रात्री फक्त नोटा.

एक गोष्ट मात्र बदलली. आता बायका रात्रीच्या तमाशालाही जाऊन बसतात, निदान काही गावांत. मागं बसतात, लवकर उठतात, पण बसतात. फडांनीही कुटुंबासह पाहण्यासारखा खेळ करतो असं फलकावर लिहायला सुरुवात केली. हे नव्या गाण्यांमुळंच झालं असं माझं मत आहे. जी गाणी घरात टीव्हीवर सगळ्यांसमोर वाजतात त्यांना तमाशात ऐकायची लाज कशाला? म्हणजे ज्या सिनेमाच्या गाण्यांनी तमाशा बाटला म्हणतात, त्यांनीच माडीच्या खिडकीतल्या बाईला खाली आणलं. आमच्या आईच्या वेळी मात्र ते झालं नाही. ती खाली आली तेव्हा तिचे गुडघे दुखायला लागले होते.

ती आता ऐंशीच्या पुढं आहे. ऐकू चांगलं येतं. नातू मोबाईलवर नवं गाणं लावतो तेव्हा ती ओट्यावर बसून ऐकते. मध्येच म्हणते, ‘‘ही गवळन हाय. हिला लई जोरात पळवलीय.’’ नातू हसतो. मी एकदा तिनं सांगितलेली चाल आणि ते गाणं दोन्ही म्हणून पाहिलं. म्हातारीचं बरोबर होतं.

तर कमिटीतल्या त्या पोराचा प्रश्न मी डोक्यात घेऊन बसलो होतो. ‘हजेरीला येतं कोण?’ दिवाळीनंतर मी त्याला पुन्हा गाठलं. म्हटलं, माणसं आणली तर ओळ परत घालाल का? तो म्हणाला, ‘‘सर, पन्नास आणा. आमचं काय जातंय? फडवाले नाहीतरी सकाळी रिकामेच असत्यात.’’ ते रिकामे नसतात, झोपेला आलेले असतात, हे त्याला सांगितलं. शिवाय हजेरी हवी असेल तर सुपारी ठरवतानाच तसं बोलावं लागतं, बिदागी वेगळी धरावी लागते आणि मंडळींना आंघोळीला गरम पाणी नि निजायला शाळेची एक खोली द्यावी लागते, हेही सांगितलं. त्यानं ते मोबाईलमध्ये टिपून घेतलं.

मग मी वही घेऊन आळ्या फिरलो. निवृत्त मास्तर वही घेऊन दारात आला की लोकांना वाटतं वर्गणी. वर्गणी नाही, नुसतं सकाळी नऊला येऊन बसायचंय, म्हटल्यावर बरेच जण संशयानं बघतात. पुरुषांनी ‘बघू, बैलांचं आवरून’ असं सांगितलं. कॉलेजातल्या दोन पोरी म्हणाल्या, ‘‘तिथं खरंच गातात? ट्रॅक नसतो?’’ आणि नावं घातली. एका सुनेनं सासूला विचारून सांगते म्हटलं आणि संध्याकाळी सासूचंही नाव घेऊन आली. आजवर एकेचाळीस झालीत. पाडव्याला वेळ आहे अजून.

यादीत पहिलं नाव आईचं आहे. ते मी घातलं नाही, तिनंच घालायला लावलं. आणि म्हणाली, ‘‘कमिटीला म्हनावं, एक खुर्ची ठेवा म्होरं. खाली बसवत न्हाई आता. अन् कट्ट्यापाशी नको, तितनं तोंड दिसत न्हाई तिचं.’’